गोष्ट आधी पोहोचते, खुलासा मागून येतो

(१२ जानेवारीच्या हुतात्मा दिनानिमित्त सोलापूर येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

 



आजची तारीख सोलापूरकरांना वेगळी सांगावी लागत नाही. १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या आपल्या चार माणसांना फाशी दिलं गेलं. आज त्यांच्या पुतळ्यांना हार घातले जातात, भाषणं होतात. संयोजकांनी मला मात्र जरा वेगळा विषय दिला: आंतरराष्ट्रीय संघर्ष, नॅरेटिव्ह आणि जनमत. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. मेसेज या फोनवरून त्या फोनवर कसा जातो आणि जाताना त्याचं काय होतं, हे मला थोडंफार कळतं. तेवढ्या भांडवलावर बोलतो.

'नॅरेटिव्ह' हा शब्द आपल्याकडे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर घरोघरी पोहोचला. समोरच्याचं म्हणणं पटलं नाही की 'फेक नॅरेटिव्ह' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, अशी सवय सगळ्याच पक्षांना लागली. मी आज साधा शब्द वापरणार आहे: गोष्ट. लोकांचं मत सुट्या माहितीवर बनत नाही. ती माहिती ज्या गोष्टीत बसवली जाते, त्या गोष्टीवर बनतं. आणि खोटी गोष्ट बहुतेक वेळा खोट्या तुकड्यांची नसते. तुकडे खरेच असतात, फक्त कुठेतरी कात्री लागलेली असते. कधी सुरुवात कापलेली असते, कधी शेवट, कधी ठिकाण, कधी सांगणाऱ्याचं नाव. आज आपण ही कात्री कुठे कुठे लागते ते पाहू.

सुरुवात कापलेली गोष्ट

घरापासूनच सुरुवात करतो. १९३० च्या मे महिन्यात मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना अटक झाली. सोलापुरात गिरण्या बंद पडल्या, लोक रस्त्यावर आले. ८ मे रोजी शिंदीची झाडं तोडण्याच्या आंदोलनातून पोलीस आणि लोक समोरासमोर आले, गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण ठार झाला. त्यानंतर जमाव बिथरला. पोलीस मारले गेले, कोर्टाची इमारत जाळली गेली. पोलीस मागे हटले आणि काही दिवस शहराचा कारभार, अगदी रहदारीसुद्धा, काँग्रेसचे स्वयंसेवक पाहत होते. १२ मे रोजी लष्करी कायदा लागू झाला. तो जूनअखेरपर्यंत होता. डोक्यावर गांधी टोपी आणि हातात राष्ट्रध्वज असणं हाच गुन्हा ठरला.

आता याच घटनेच्या दोन गोष्टी झाल्या. सरकारची गोष्ट पोलिसांच्या मृत्यूपासून सुरू व्हायची. तिथून सुरू केली की पुढचं सगळं आपोआप जुळतं: दंगलखोर जमाव, म्हणून लष्कर, म्हणून खटला, म्हणून फाशी. शहराची गोष्ट गोळीबारापासून सुरू व्हायची. तिथून सुरू केली की तेच लोक सत्याग्रही होतात आणि ते चार दिवस सोलापूरचं स्वराज्य होतात. गोळीबारात किती माणसं गेली, याचे सरकारी आकडे आणि लोकांच्या तोंडचे आकडे कधी जुळले नाहीत. पण आकडे जुळले असते तरी वाद मिटला नसता, कारण भांडण गोष्ट कुठून सुरू करायची यावरच होतं.

आणि या भांडणात ज्याच्या हातात तारयंत्र, कोर्ट आणि वर्तमानपत्रं, त्याची गोष्ट मुंबईला आणि लंडनला आधी पोहोचली. कुर्बान हुसेन हे गिरणी कामगारांमध्ये काम करणारे विशीतले तरुण. ते 'गझनफर' नावाचं पत्र चालवत. म्हणजे आपली गोष्ट आपणच छापली पाहिजे, हे त्यांना त्या वयात कळलेलं होतं. चौघांना फाशी झाली ती पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून. ती त्यांच्या सार्वजनिक कामामुळे झाली, अशी सोलापूरची भावना तेव्हाही होती आणि आजही आहे.

एक गोष्ट मात्र मी आज मुद्दाम बोलतो, कारण हार घालताना ती बोलली जात नाही. त्या दिवशी मारले गेलेले पोलीस शिपाई हीही माणसंच होती. त्यांचा मृत्यू हा त्या घटनेचा भाग आहे. तो सांगितल्याने आपले चार हुतात्मे लहान होत नाहीत. उलट तो लपवला की ऐकणाऱ्याला शंका येते, की ही मंडळी अजून काय काय लपवत असतील? हा मुद्दा लक्षात ठेवा, मी शेवटी त्याच्याकडे येणार आहे.

ठिकाण कापलेला व्हिडिओ

आता १९३० मधून थेट २०१८ मध्ये येऊ. तारेऐवजी मोबाइल आला होता.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं आदिवासी गाव आहे. त्या दिवशी तिथे बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. भिक्षेसाठी गावोगाव फिरणं हा या समाजाचा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज. या पाचांतले बहुतेक आपल्या सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढा तालुक्यातले. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या भागात बरेच दिवस फिरत होती. लोकांना या पाहुण्यांचा संशय आला. जमाव जमला, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथे पाचही जणांना ठेचून मारलं.

त्या भागात जे मेसेज फिरत होते, त्यांतल्या एका व्हिडिओत लहान मुलांचे मृतदेह ओळीने ठेवलेले दिसत होते. ही पळवून मारलेली मुलं आहेत, सावध राहा, असा त्याचा अर्थ सांगितला जात होता. पुढे पत्रकारांनी शोध घेतला तेव्हा कळलं, की ती मुलं सीरियातली होती. ऑगस्ट २०१३ मध्ये दमास्कसजवळच्या घौता भागात विषारी वायूचा हल्ला झाला होता. तिथे सरीन वायू वापरला गेल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तपास पथकाने नंतर सांगितलं. त्या हल्ल्यात गेलेली ही मुलं.

जरा थांबून याचा विचार करा. व्हिडिओ खरा होता. मुलं खरी होती. त्यांचा मृत्यू खरा होता. ते पाहून धुळ्यातल्या आईबापांना झालेलं दुःख आणि भीतीही खरी होती. कापलं होतं ते फक्त ठिकाण आणि साल. एवढ्या एका कात्रीने सीरियाच्या युद्धातले मृतदेह पाच वर्षांनी सह्याद्रीच्या पायथ्याशी आले आणि मंगळवेढ्याकडची घरं उजाड करून गेले. आंतरराष्ट्रीय संघर्षाचा आपल्याशी काय संबंध, असं कोणी विचारलं तर मला पहिल्यांदा हेच आठवतं.

त्याच काळात दुसरा एक व्हिडिओ देशभर फिरत होता. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणारं मूल उचलून नेतात. तो कराचीचा होता. मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेने जनजागृतीसाठी बनवलेली फिल्म होती ती. मूळ फिल्मच्या शेवटी तेच दोघे मूल परत आणून सोडतात आणि 'मूल पळवायला क्षणभरही लागत नाही' अशा अर्थाची पाटी दाखवतात. आपल्याकडे आला तेव्हा हा शेवट कापलेला होता. मुलं वाचवण्यासाठी केलेल्या फिल्मवरून निरपराध माणसं मारली गेली.

अफवेने निवडलेले बळी कोण होते, तेही पाहा. गावाला अनोळखी, वेगळा वेश, वेगळी बोली, हातात सत्ता नाही. मराठीत म्हण आहे, एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. ही म्हण ज्या कानफाट्या जोग्यांवरून आली, ते नाथपंथीच. म्हणजे मोबाइल यायच्या कितीतरी आधीपासून या माणसांविषयीची गोष्ट गावात तयार होती, आपल्या म्हणींत होती. इंग्रजांनी तर १८७१ साली कायदा करून अनेक भटक्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. त्यांना कोंडण्यासाठी तारेच्या कुंपणाची सेटलमेंट आपल्या सोलापुरात होती. कायदा १९५२ साली गेला, शिक्का मात्र लोकांच्या मनातून गेला नाही. मेसेज हा काडीसारखा असतो. गवत आधीपासून वाळलेलं असतं.

राईनपाड्याचा निकाल २०२४ साली लागला आणि धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. त्या दिवसाआधी ही माणसंही कोणाची तरी साधीसुधी मुलं, भाऊ, बापच होती. तेव्हा अफवेने किती घरं मोडली ते मोजताना दोन्हीकडची मोजावी लागतात.

सांगणारा कोण?

गावातल्या साध्या माणसांना फसवता येतं, शिकलेल्यांना नाही, असा आपला एक समज असतो. म्हणून दोन उदाहरणं जगातल्या सगळ्यात ताकदवान देशाची देतो.

१९९० साली इराकने कुवेत गिळला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधींच्या एका मानवी हक्क समितीपुढे पंधरा वर्षांची मुलगी रडत रडत बोलली. तिने फक्त 'नायरा' एवढंच नाव सांगितलं. इराकी सैनिकांनी कुवेतच्या दवाखान्यात अपुऱ्या दिवसांची बाळं काचेच्या पेटीतून बाहेर काढून जमिनीवर मरायला टाकली, हे आपण डोळ्यांनी पाहिलं, असं तिचं म्हणणं होतं. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी हा किस्सा पुन्हा पुन्हा सांगितला. १२ जानेवारी १९९१ ला अमेरिकन सिनेटने युद्धाला परवानगी दिली, ५२ विरुद्ध ४७ मतांनी. योगायोग पाहा, आपल्या चार हुतात्म्यांच्या फाशीला त्या दिवशी बरोबर साठ वर्षं झाली होती.

युद्ध संपल्यावर, १९९२ च्या जानेवारीत, उघड झालं की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची कन्या होती आणि ही सगळी मोहीम हिल अँड नोल्टन या जाहिरात-जनसंपर्क कंपनीने कुवेतच्या बाजूने चालवली होती. बाळांच्या त्या कहाणीला पुढे पुरावा मिळाला नाही. इराकने कुवेतवर आक्रमण केलं, लोकांवर अत्याचार केले, हे खरंच होतं. पण ते खरं पुरेसं वाटलं नाही म्हणून एक गोष्ट रचली गेली. इथे कात्री लागली होती ती सांगणाऱ्याच्या आडनावावर.

दुसरं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. ५ फेब्रुवारी २००३ रोजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत नकाशे, उपग्रहाची चित्रं आणि ध्वनिफिती मांडून सांगितलं, की इराककडे महासंहारक अस्त्रं आहेत. पुढच्याच महिन्यात युद्ध सुरू झालं. अमेरिकेच्याच तपास पथकाने २००४ साली अहवाल दिला, की असा साठा सापडला नाही. तोवर बगदाद पडून दीड वर्ष झालं होतं. अहवाल आला, छापला गेला, ग्रंथालयात ठेवला गेला. मेलेली माणसं परत आली नाहीत.

खुलासा उशिरा का पोहोचतो?

आता माझ्या धंद्यातलं थोडं सांगतो.

तुम्ही फोनवर फोटो काढता तेव्हा त्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि बऱ्याचदा ठिकाणसुद्धा नोंदलेलं असतं. तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो लहान केला जातो आणि ही नोंद गळून पडते. समोरच्याला मिळतो तो पत्ता नसलेला फोटो. कोरं पाकीट हाती आल्यासारखं. त्यावर कोणीही हवा तो पत्ता लिहावा. मेसेज मधल्या वाटेवर कुलूपबंद असल्यामुळे कंपनीलाही तो वाचता येत नाही. हे कुलूप आपल्या खासगीपणासाठी गरजेचं आहे, त्याच्या विरोधात मी नाही. पण त्याचा अर्थ असा, की वाटेत कोणी तपासनीस बसलेला नाही. राईनपाड्यासारख्या घटनांनंतर जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच ठिकाणांपुरतीच फॉरवर्डची मर्यादा घातली. २०२० मध्ये फार वेळा फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली. वेग कमी झाला. पत्ता मात्र परत आला नाही.

फेसबुक, यूट्यूब यांचं गणित आणखी वेगळं. कोणती पोस्ट वर दाखवायची हे ठरवताना लोक किती वेळ थांबले, किती जणांनी दाबलं, किती जण भांडले, हे मोजलं जातं. मोजण्याच्या त्या तक्त्यात 'खरं आहे का?' नावाचा रकाना तेवढा सहज भरता येत नाही. म्हणून जे चिडवतं ते वर येतं.

पण सगळा दोष यंत्राला देऊन आपल्याला सुटता येणार नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. आणि हा फरक स्वयंचलित खात्यांमुळे पडत नव्हता. तो माणसांमुळेच पडत होता. खोटी बातमी नवी वाटते, चटकदार वाटते, म्हणून आपणच ती पळवतो.

खुलासा मात्र पळत नाही. २०२० चा एप्रिल आठवा. दिल्लीच्या मरकजनंतर टाळेबंदीत सगळा देश घरात बसून टीव्ही बघत होता आणि कोरोना हे जणू एका समाजाचं कारस्थान आहे अशी गोष्ट दिवसरात्र चालू होती. भाजीवाल्याचं नाव विचारून भाजी घेण्यापर्यंत मजल गेली. अहमदनगर जिल्ह्यातल्या मशिदींत राहिलेल्या परदेशी तबलिगींवर गुन्हे दाखल झाले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. या लोकांविरुद्ध माध्यमांतून मोठा अपप्रचार झाला आणि संकटाच्या काळात त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असं दिसतं, या अर्थाचे शब्द न्यायालयाने वापरले. एप्रिलमधली गोष्ट तुमच्या सोसायटीतल्या प्रत्येकाला माहीत होती. ऑगस्टमधला निकाल त्यांतल्या किती जणांना माहीत आहे? उद्या विचारून पाहा.

आणि अगदी अलीकडचं. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला तेव्हा जम्मू-काश्मीरमधल्या पूंछ इथे पाकिस्तानच्या तोफमाऱ्यात मदरशात शिकवणारे एक शिक्षक मारले गेले. काही वाहिन्यांनी त्यांचा फोटो दाखवून ते दहशतवादी असल्याचं सांगितलं. पूंछ पोलिसांना जाहीर खुलासा करावा लागला, की ते स्थानिक धार्मिक शिक्षक होते आणि त्यांचा दहशतवादाशी काही संबंध नव्हता. पाकिस्तानच्या तोफेने त्यांचा जीव घेतला आणि आपल्याच देशातल्या पडद्याने त्यांना शत्रू ठरवलं. घरात मयत पडलेली असताना त्या कुटुंबावर सांगत फिरायची वेळ आली, की आमचा माणूस तसा नव्हता. दाढी-टोपीचा फोटो दिसला आणि गोष्ट आधीपासून तयार होती. राईनपाड्याचा वेश इथे बदलला, एवढंच.

आपल्या हातातली कात्री

इथपर्यंत आपण सगळे एकमेकांकडे बघून मान डोलावतो आहोत. आता जरा अवघड भाग.

गाझामध्ये जे चाललं त्याने आपल्यापैकी प्रत्येकाचं काळीज हललं. त्या काळात आपल्या ग्रुपवर जे फोटो फिरले, त्यांतले कितीतरी गाझाचे नव्हते. काही सीरियाचे होते, काही जुन्या भूकंपांचे, काही चक्क संगणकाने बनवलेले. जगभरच्या तथ्य तपासणाऱ्या संस्थांनी असे फोटो एकामागून एक दाखवून दिले. गाझात हजारो मुलं खरोखर मेली होती. त्यांची खरी छायाचित्रं होती, ती काढताना तिथले पत्रकार जीव गमावत होते. मग सीरियाच्या मुलाला गाझाचं मूल म्हणायची गरज कोणाला होती?

माझा एक मित्र म्हणतो, 'अरे, अन्याय तर खरा आहे ना? फोटो इकडचा काय, तिकडचा काय. लोकांना कळायला थोडं वाढवून सांगितलं तर काय बिघडलं?' प्रामाणिक माणूस आहे, चिडून बोलतो. त्याला माझं उत्तर असं.

पहिलं बिघडतं ते हे, की सीरियाच्या त्या मुलाचा मृत्यू पुसला जातो. त्यालाही नाव होतं, त्याच्यावरही अन्याय झाला होता, आणि तो करणारे वेगळे होते. राईनपाड्याच्या व्हिडिओने त्या मुलांवर एकदा हा अन्याय केलाच होता. आपण तो चांगल्या हेतूने पुन्हा करतो.

दुसरं, आपण विरोधकाच्या हातात आयतं हत्यार देतो. खरे शंभर फोटो बाजूला पडतात आणि एक खोटा फोटो दाखवून म्हटलं जातं, 'बघा, यांचं सगळंच नाटक आहे.' गाझातल्या खऱ्या मृतदेहांनाही नाटक म्हणणारी मंडळी जगभर होती. त्यांना दाखवायला उदाहरणं कुठून मिळाली?

आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ज्याच्या हातात वाहिनी आहे, सत्ता आहे, पैसा आहे, त्याची खोटी गोष्ट उघडी पडली तरी तो उद्या दुसरी सांगू शकतो. पॉवेल यांचं म्हणणं खोटं ठरलं म्हणून अमेरिकेचं बोलणं कोणी ऐकायचं थांबलं नाही. दुबळ्या माणसाला ही चैन परवडत नाही. त्याच्याकडे एकच पुंजी असते, ती म्हणजे त्याच्या शब्दावर लोकांचा विश्वास. ती एकदा गेली की खरा अन्याय सांगायला गेला तरी त्याचं ऐकून घेत नाहीत. म्हणून खरं बोलणं ही आपल्यासाठी नीतीची गोष्ट आहेच, पण बचावाचीही आहे. चौघांच्या फाशीबरोबर त्या शिपायांचा मृत्यूही सांगा, असं मी मघाशी म्हणालो ते याचसाठी. आपल्याला अडचणीचा तुकडा जो स्वतःहून सांगतो, त्याच्या बाकीच्या तुकड्यांवर लोक विश्वास ठेवतात.

इस्नाद

मग करायचं काय? नवीन काही शोधायला नको. आपल्या परंपरेत हे शास्त्र आहे.

कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये सहावी आयत आहे. तिचा आशय सगळ्यांना माहीत आहे: भरवसा नसलेल्या माणसाने बातमी आणली तर आधी खातरजमा करा, नाहीतर अजाणतेपणी कोणाचं तरी नुकसान कराल आणि मग पस्तावाल. राईनपाड्याचं वर्णन याहून नेमकं कसं करणार?

हदीसच्या अभ्यासकांनी याची पद्धत बसवली. वचन कितीही सुंदर असो, ते कोणी कोणाकडून ऐकलं ही साखळी, म्हणजे इस्नाद, आधी विचारली जायची. साखळीतला प्रत्येक माणूस कोण होता, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला तो खरोखर भेटला असेल का, हे तपासायला एक वेगळी विद्याशाखाच उभी राहिली. साखळी तुटली की वचन कमकुवत ठरायचं, मग मजकूर मनाला कितीही भावो. आणि आज त्याच परंपरेचे आपण वारस मेसेजच्या खाली काय लिहितो? 'फॉरवर्ड ॲज रिसीव्ह्ड.' म्हणजे साखळी तोडल्याची स्वतःहून दिलेली कबुली!

म्हणून चार प्रश्न. हे कुठलं आहे? कधीचं आहे? याच्या आधी आणि नंतर काय आहे? आणि पहिल्यांदा कोणी सांगितलं? फोटो असेल तर गूगल लेन्सवर टाकून पाहायला मिनिटभर पुरतं. जुना असेल तर बहुतेक वेळा तिथेच कळतं. व्हिडिओ असेल तर त्यातलं एखादं दृश्य थांबवून त्याचा फोटो काढा आणि तो शोधा. उत्तर मिळालं नाही तर मेसेज तुमच्यापाशी थांबू द्या. न पाठवलेल्या मेसेजमुळे आजवर कोणाचा जीव गेल्याचं मी ऐकलेलं नाही. ग्रुप चालवणाऱ्यांना माझी खास विनंती आहे. चुकीचं काही आलं तर खुलासा त्याच ग्रुपवर, तितक्याच ठळकपणे टाका. आणि ज्याने पाठवलं त्याला सगळ्यांसमोर मूर्ख ठरवू नका, नाहीतर तो पुढच्या वेळी हट्टाने पाठवेल.

अजून एक. नुसतं 'हे खोटं आहे' म्हणून भागत नाही. गोष्ट काढून घेतली की तिथे रिकामी जागा राहते आणि तीच गोष्ट रात्री परत येऊन बसते. त्या जागी खरी गोष्ट द्यावी लागते, पूर्ण, सुरुवात आणि शेवटासकट. 'तबलिगींविषयीची बातमी खोटी होती' यापेक्षा 'नगरला काय झालं आणि खंडपीठाने काय म्हटलं' हे दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे. 'डवरी गोसावी मुलं पळवत नाहीत' यापेक्षा हा समाज कोण, कुठून येतो, काय करतो, हे आपल्या मुलांना माहीत पाहिजे.

गोष्टीची ताकद वाईटच असते असं नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट घ्या. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं भुकेल्यांसाठी उघडली आणि विठोबाने महाराचं रूप घेऊन बीदरच्या सुलतानाच्या दरबारात त्या धान्याचे पैसे भरले. यात इतिहास किती आणि श्रद्धा किती, याचा वाद अभ्यासकांनी घालावा. पण पंढरीचा देव, मंगळवेढ्याचा अंमलदार, बीदरचा सुलतान आणि गावकुसाबाहेरचा माणूस, सगळे एकाच कहाणीत भुकेल्याच्या बाजूने उभे आहेत. इथली माणसं शतकानुशतकं ती कहाणी सांगत आली. राईनपाड्याला गेलेली माणसं त्याच तालुक्यातली. त्यांच्याविषयीची अशी एखादी कहाणी त्या गावापर्यंत आधी पोहोचलेली असती, तर कदाचित बाजारात कोणीतरी त्यांना पाणी विचारलं असतं.

कुर्बान हुसेन यांनी विशीत पत्र चालवलं तेव्हा हातात फार काही नव्हतं. आज इथे बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात त्यांच्या छापखान्यापेक्षा मोठा छापखाना आहे. संपादकाचं काम मात्र कोणी करत नाही. ते आजपासून आपण करू या, आणि सुरुवात आपल्याला आवडणाऱ्या बातमीपासून करू या. न आवडणारी बातमी तर आपण एरवीही तपासतोच.